साठीनंतरचे शंभर किलोमीटर

नागपूरहून हैदराबादकडे निघालं की बुटीबोरी आणि जाम मागे टाकत रस्ता हिंगणघाटला येतो. तिथून वीसेक किलोमीटरवर वडनेर. गावाला लागून जाणारा हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४, श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर पसरलेला, देशातला सर्वांत लांब महामार्ग. जुन्या नकाशांत त्याच्या इथल्या भागाचा क्रमांक ७ होता. वडनेरच्या दक्षिणेला वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो, वडकी येतं आणि पुढे पांढरकवडा.

काश्मीर ते कन्याकुमारी मोटारसायकलने जायचं म्हटलं की वडनेर वाटेत येतंच. थंडीच्या महिन्यांत बॅगा लादलेल्या, धुळीने माखलेल्या मोठ्या गाड्या इथून जातात. हेल्मेट काढल्यावर खाली पांढरे केस दिसावेत, असे चालकही त्यांत असतात. पण या रस्त्यावरचा साठीपुढचा खरा दुचाकीस्वार दुसराच आहे. त्याच्याकडे शंभर सीसीची गाडी असते, कॅरिअरला बियाण्याची पिशवी किंवा दवाखान्याची फाइल बांधलेली असते, मागे बायको बसलेली असते. तो हिंगणघाटच्या बाजारात जातो, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जातो, मुलीकडे नागपूरला जातो. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. त्याला कुणी 'रायडर' म्हणत नाही. गाडीवर आरामात कसं बसावं, हेही त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

ही पिढी मोठी आहे. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० बाजारात आल्या. तोवर राजदूत, येझदी आणि बुलेट यांचंच राज्य होतं. त्या वर्षी बावीस वर्षांचा असलेला मुलगा २०२५ मध्ये बासष्ट वर्षांचा झाला. हात-पाय बदलले, डोळे बदलले, गाडीवर बसायची पद्धत मात्र तीच राहिली. हे एकट्या भारतात घडतंय असंही नाही. अमेरिकेतल्या मोटारसायकल उद्योगाच्या संघटनेच्या पाहणीत गाडीमालकाचं मध्यक वय १९९० मध्ये ३२ होतं, ते २०१८ मध्ये ५० झालं. तिकडे या बदलावर अभ्यास झाले. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ ते २००८ या काळातली अपघातांची आकडेवारी तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला: मोटारसायकल अपघातानंतर रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता विशी-तिशीतल्या चालकांपेक्षा साठी ओलांडलेल्यांमध्ये तिप्पट असते. हाडं ठिसूळ झालेली असतात, आधीचे आजार असतात, जखम भरायला वेळ लागतो. म्हणूनच या वयात आरामाला चैन समजून चालत नाही. पाठ आखडली, बोटं बधिर झाली, डोकं जड झालं की ब्रेक उशिरा लागतो. शंभराव्या किलोमीटरला शरीर किती ताजं आहे, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

पाठीचा विषय निघाला की हिंगणघाटच्याच एका माणसाची आठवण होते. बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला झाला. उतारवयात मणक्याच्या आजाराने त्यांचं बसणंच हिरावून घेतलं. उभं राहता यायचं, चालता यायचं, आडवं होता यायचं, बसता मात्र यायचं नाही. तरीही डिसेंबर १९८५ मध्ये, एकाहत्तरी गाठताना, ते कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने 'भारत जोडो' यात्रेला निघाले. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते आणि बाबा सोबतच्या वाहनात आडवे होऊन प्रवास करत होते. अंतर ५,०४२ किलोमीटर. १९८८ मध्ये त्यांनी इटानगर ते ओखा ही दुसरी यात्रा काढली, ती आणखी लांब होती. बाबांची जिद्द प्रत्येकाला साधेल असं नाही. पण शरीराला काय जमत नाही हे ओळखून त्यांनी प्रवासाची तऱ्हा बदलली, प्रवास सोडला नाही. साठीच्या मोटारसायकलस्वारापुढचा प्रश्नही नेमका हाच आहे.

बसणं ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. माणूस नीट बसतो तेव्हा वजन कमरेच्या खालच्या दोन हाडांवर पडतं, ज्यांना बैठकीची हाडं म्हणता येईल. तो मागे रेलून पोक काढून बसला की तेच वजन माकडहाडाकडे सरकतं आणि कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. तरुण मणक्यातल्या चकत्या हे सोसतात. साठीत त्यांतलं पाणी कमी झालेलं असतं, त्या दबलेल्या असतात. त्यात भर रस्त्यातल्या धक्क्यांची. बसलेल्या माणसाचं धड साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या कंपनांना सर्वांत जास्त प्रतिसाद देतं, म्हणजे सेकंदाला चार ते आठ वेळा वर-खाली होणाऱ्या हालचालींना. खडबडीत रस्ता आणि गाडीचं सस्पेन्शन मिळून तयार होणारी कंपनं बरीचशी याच पट्ट्यात येतात. युरोपीय संघाने २००२ मध्ये ट्रॅक्टर किंवा यंत्र चालवणाऱ्या कामगारांसाठी अशा कंपनांची आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठीची मर्यादा कायद्यानेच घालून दिली. आपल्याकडच्या दूधवाल्याला किंवा शेतकऱ्याला अशी मर्यादा कोण घालून देणार? त्याने स्वतःच ती सांभाळायची.

इंजिनाची कंपनं वेगळी. एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेतं तेव्हा सेकंदाला सुमारे ६७ कंपनं हँडल आणि फूटरेस्टवाटे अंगात येतात. ती पाठीपर्यंत फारशी पोचत नाहीत, पण बोटांत मुंग्या आणतात. मनगटातली नस दबण्याचा त्रास ज्यांना आधीच आहे, त्यांना अर्ध्या तासात कळतं. यावर पहिला उपाय फुकट आहे: हँडल आवळून धरू नये. शरीराचा भार हातांवर न घेता पोट आणि मांड्यांवर घ्यावा, कोपर थोडे वाकलेले ठेवावेत. जाड हातमोज्यांनीही फरक पडतो. अलीकडच्या इंजिनांमध्ये कंपन मारणारा बॅलन्सर शाफ्ट असतो. २०२० मध्ये मीटिअर ३५० मधून आलेल्या रॉयल एनफिल्डच्या नव्या इंजिनात तो आहे, आणि जुनी बुलेट चालवलेल्या माणसाला तो फरक हातांना लगेच जाणवतो.

सीटबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. मऊ सीट म्हणजे आरामदायी सीट, असं दुकानात बसून पाहिलं की वाटतं. पहिला अर्धा तास ते खरंही असतं. मग फोम दबतो, हाडं खालच्या पत्र्याला लागू लागतात आणि माणूस सारखी जागा बदलतो. लांबच्या प्रवासाला सीट रुंद हवी, पुढे उतरती नको आणि फोम जरा घट्ट हवा. त्यासाठी कंपनीची महागडी सीट घ्यायची गरज नाही. हिंगणघाटसारख्या गावात सीट कव्हरवाला जुना फोम काढून दोन घनतेचा फोम थरात बसवून देऊ शकतो, मधला उंचवटा कापू शकतो. खर्च फार येत नाही. मात्र उंची वाढू देऊ नये. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरेसे टेकायलाच हवेत. ज्येष्ठ चालक वेगात पडतात त्याहून कितीतरी वेळा थांबताना, वळवताना, उतारावर पाय टेकवताना पडतात. आणि रॉयल एनफिल्डची १९५ किलोंची क्लासिक ३५० कलली की साठीतला गुडघा तिला आवरत नाही.

इथेच गाडी निवडण्याचा मुद्दा येतो. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर अनेकांना तरुणपणी राहून गेलेली मोठी गाडी घ्यावीशी वाटते. त्या हौसेचा आदर करायलाच हवा. पण 'क्रूझर म्हणजे आराम' हे अर्धंच खरं आहे. बजाज अॅव्हेंजरसारख्या गाडीची सीट बुटकी असते, पाय सहज टेकतात, ही तिची मोठी जमेची बाजू. मात्र पाय पुढे ताणले गेले की सगळा भार माकडहाडावर येतो, आणि गतिरोधकावर पायांवर जोर देऊन अंग किंचित उचलता येत नाही. तो धक्का सरळ मणक्यात जातो. ज्यांचे गुडघे दुखतात पण पाठ चांगली आहे, त्यांना क्रूझर मानवते. ज्यांची पाठ दुखते त्यांनी सरळ बसण्याची, फूटरेस्ट पायांच्या जवळपास सरळ खाली असलेली साधी गाडी घ्यावी. बिनगिअरच्या स्कूटरवर चढणं-उतरणं सर्वांत सोपं असतं, पण तिची दहा-बारा इंची चाकं ज्या खड्ड्यात आदळतात, त्यावरून सतरा-अठरा इंची चाकं निघून जातात. गावातल्या गावात स्कूटर उत्तम, महामार्गावर मोटारसायकल बरी.

हलक्या गाडीच्या बाजूने एक दाखला जगभर गाजलेला आहे. सायमन गँडॉल्फी हा ब्रिटिश लेखक त्र्याहत्तराव्या वर्षी, हृदयविकार घेऊन, १२५ सीसीच्या होंडावर मेक्सिकोहून निघाला आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फ्वेगोला पोचला. पुढे तो भारतातही अशाच लहान गाडीवर फिरला. दुसरा दाखला टेड सायमन यांचा. १९७३ ते १९७७ या काळात ट्रायंफवर जग फिरून आलेले हे पत्रकार २००१ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्याच वाटेने पुन्हा निघाले. या वेळी त्यांनी मोठी बीएमडब्ल्यू घेतली होती. केनियात ते पडले, पाय मोडला, बरा झाल्यावर पुढे गेले. दोघेही पोचले. पण वडनेर ते नागपूर अंतरासाठी निवड करायची असेल तर गँडॉल्फीची गाडी जास्त शहाणपणाची.

गाडी जुनीच ठेवायची असेल तरी मागच्या शॉकअॅबसॉर्बरकडे एकदा बघावं. बहुतेक गाड्यांना तिथे टप्प्याटप्प्याने फिरणारी कडी असते. एकट्याने जाताना सैल, दोघांनी आणि सामान घेऊन जाताना घट्ट. पाना टूलकिटमध्येच असतो. गाडी विकली जाईपर्यंत ती कडी एकदाही न फिरवणारे लोक संख्येने फार आहेत. टायरमधल्या हवेचंही तसंच. एकट्यासाठी आणि दोघांसाठी कंपनीने दोन वेगळे आकडे दिलेले असतात.

आता उन्हाचं. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि इथे मोटारसायकलस्वाराची जुनी समजूत उलटी पडते. वाऱ्याने गार वाटतं, हे हवा त्वचेपेक्षा थंड असेपर्यंतच खरं. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा ४४ अंशांची असेल तर वारा अंगाला उष्णता देतोच, वर घाम क्षणात वाळवतो. घाम दिसत नाही, म्हणून माणसाला वाटतं की आपल्याला घाम येतच नाही. म्हणून उन्हात शर्टाची बटणं उघडी टाकून वारा घेणारा माणूस जास्त लवकर कोरडा पडतो. विदर्भातली तोंड-डोकं दुपट्ट्याने बांधायची रीत शास्त्राला धरून आहे. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, गळ्याभोवती ओला दुपट्टा, त्यावर हेल्मेट. दुपट्टा दर थांब्यावर पुन्हा ओला करावा. तो हेल्मेटच्या आत गुंडाळून हेल्मेट सैल मात्र होऊ देऊ नये, आणि त्याची टोकं चाकाकडे लोंबू देऊ नयेत.

पाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्यावर उघडपणे बोललं जात नाही. वय वाढतं तशी तहानेची जाणीवच मंदावते. त्यात पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास, बायकांना रस्त्यात स्वच्छतागृह मिळण्याची शाश्वती नाही. मग दोघंही निघताना पाणी मुद्दाम कमी पितात, म्हणजे वाटेत थांबावं लागू नये. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. चाळीस अंशांत दोन तास असं बसलं की उभं राहताना चक्कर येते, आणि गाडी नेमकी त्याच क्षणी स्टँडला लावायची असते. उपाय उलटा आहे: पाणी प्यायचं आणि थांबण्याच्या जागा आधी ठरवायच्या. पेट्रोल पंप, बसस्थानक, ओळखीचा ढाबा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेलं घरगुती प्रमाण. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. कैरीचं पन्हं आणि पातळ ताकही चालतं. लघवीच्या किंवा साखरेच्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलायची का, हेही डॉक्टरांनाच विचारावं. गोळी परस्पर टाळू नये. मधुमेह्याने जेवण लांबवून गाडी हाकू नये. साखर उतरली की डोकं चालेनासं होतं, हात कापतात.

थंडीतली सकाळ वेगळी फसवते. थर्मामीटरवर १० अंश असतील तर ताशी ७० किलोमीटरच्या वेगात अंगाला ते ५ अंशांसारखे लागतात. आखडलेली बोटं क्लच नीट दाबत नाहीत. स्वेटर कितीही जाड असला तरी त्यातून वारा आत शिरतो. वारा अडवणारा पातळ थर वरून हवा. जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायची जुनी युक्ती आजही तितकीच चालते.

वेगाबद्दल एक हिशेब मात्र प्रत्येकाने करून पाहावा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १०० ऐवजी ७० च्या वेगाने गेलं की छातीवर आणि हेल्मेटवर येणारा रेटा निम्म्यावर येतो. मान कमी दुखते, कानातला घोंघाटही उतरतो. शंभर किलोमीटरला त्याने जास्तीचा वेळ लागतो सुमारे पंचवीस मिनिटं. तेवढा वेळ निवृत्त माणसाकडे असतो. आणि तासाभराने दहा मिनिटं उतरायचं: टाचा वर-खाली करायच्या, कंबर मागे वाकवायची, खांदे फिरवायचे. पाठीला सॅक अडकवून जाऊ नये; ते वजन कॅरिअरवर किंवा बाजूच्या पिशवीत बांधावं. दुपारच्या भरपेट जेवणानंतरचे दोन तास टाळावेत. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर आंधळा प्रवास.

मागे बसणाऱ्या बाईचा विचार या सगळ्यात शेवटी होतो, खरं तर तो आधी व्हायला हवा. साडी नेसून एका बाजूला बसलं की कंबर सतत पिळलेली राहते, पाय लोंबकळतो, धरायला नवऱ्याचा खांदा तेवढा असतो. साठीतल्या बाईच्या पाठीवर शंभर किलोमीटरचा हा मारा चालकापेक्षा जास्त आहे, असंच म्हणायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या माणसासाठी पकडायची कडी, पायटेक आणि चाकाला जाळी हे गाडीबरोबर द्यावंच लागतं. कित्येक गाड्यांवरून ते पुढे काढलं जातं किंवा मोडल्यावर बसवलं जात नाही. पंजाबी ड्रेस घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणं, मागे छोटी पाठटेक, रुंद पायटेक आणि तिचं स्वतःचं हेल्मेट, एवढं केलं तर तिचाही प्रवास सुसह्य होतो. मागच्या माणसालाही हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. घरात दुसरं हेल्मेट आणताना अजून पैशांचा विचार होतो, हे दुःखद आहे.

अंधार पडल्यावर मात्र थांबावं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. समोरच्या ट्रकचा दिवा डोळ्यांवर आल्यानंतर दृष्टी पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो, मोतीबिंदू असेल तर त्याहून जास्त. आणि वडनेरचा रस्ता अंधारात रिकामा नसतो. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू होतो, हिंगणघाटच्या बाजाराकडे कापूस भरलेले ट्रॅक्टर निघतात, त्यांतले काही राँग साइडने येतात. बैलबंडीला मागे लाल दिवा नसतो. शेतातून रोही आणि रानडुक्कर रस्त्यावर येतात. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला काळ्या मातीचा चिखल डांबरावर पसरला की ब्रेक मारलेली गाडी सरळ घसरते. दुसरा रस्ता धरावा म्हटलं तर समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ७४,८९७ दुचाकीवरचे होते.

पंचावन्नी उलटल्यावर परवान्याचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं आणि सोबत डॉक्टरांचा दाखला लागतो. हा दाखला कित्येकदा नुसत्या सहीवर मिळतो. तसा तो घेऊ नये. त्या निमित्ताने डोळे, कान, मान दोन्हीकडे किती वळते, साखर आणि रक्तदाब हे सगळं खरोखर तपासून घ्यावं. खिशात एक चिठ्ठी ठेवावी: रक्तगट, चालू गोळ्या, घरचा फोन नंबर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक अक्षरांत लिहावी, कारण डोक्याला मार लागल्यावर डॉक्टरांना सर्वांत आधी तेच कळायला हवं. महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.

मुलांना एक विनंती. बाबांनी आता गाडी सोडावी, असं या दिवाळीत घरात बोलणं निघेल. ते बोलण्याआधी त्यांच्या डोळ्यांचा नंबर तपासून आणा, सीटचा फोम बदलून द्या, शॉकअॅबसॉर्बरची कडी फिरवून द्या आणि आईसाठी तिच्या मापाचं हेल्मेट घ्या. वडनेरहून हिंगणघाटला जायला त्यांच्याजवळ दुसरं स्वतःचं वाहन नाही.